दाणे टिपणारी लाकडी कोंबडी: कुठलं भोक घट्ट, कुठलं सैल

प्रश्न थोडक्यात असा: ३ मिमी प्लायवुडमधून लेझर कटरवर एक साधं खेळणं करायचं आहे. हँडल फिरवलं की वरची आकृती हलावी, एवढंच. पहिला प्रयत्न फसला. हँडल मध्येच अडकतं, आणि कॅम (आसावर बसणारी उंचसखल कडेची चकती) आसावर जागच्या जागी घसरतो. आराखड्यात तर आस ६ मिमीचा आणि सगळी भोकं ६ मिमीची. मग चुकलं कुठे?

‘सगळी भोकं ६ मिमीची’ इथेच चुकलं. हलणाऱ्या खेळण्यात भोकं दोन जातींची असतात. एक धरून ठेवणारी: कॅमचं भोक आसाला धरतं, तळाची खाच भिंतीला धरते. दुसरी हलू देणारी: भिंतीतल्या भोकात आस मोकळा फिरला पाहिजे, खाचेतून दांडी वरखाली सरकली पाहिजे. दोन्हींना एकच माप दिलं की ते भिंतीत जरा घट्ट होतं आणि कॅममध्ये जरा सैल, म्हणजे दोन्हीकडे नको ते. मी अजूनही नवीन आराखडा आधी कागदावर काढतो, प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलने ‘घ’ किंवा ‘सै’ लिहितो, आणि मगच संगणकाकडे वळतो. बाकी सगळं उत्तर या दोन अक्षरांभोवतीच फिरणार आहे.

पण भोकांच्या आधी हालचाल ठरवू या. बरेच जण उलट करतात. गिअर छान दिसतात म्हणून आधी गिअर काढतात आणि मग त्यांच्यावर बसवायला काहीतरी शोधतात. तुम्ही आधी एका वाक्यात सांगा, खेळण्यात काय घडतं? पहिल्या खेळण्यासाठी मी दाणे टिपणारी कोंबडी सुचवेन. एक कॅम, एक दांडी, एक मान, एवढ्यात ती होते आणि गिअर एकही लागत नाही. शिवाय मान सावकाश वर जाते आणि झटकन खाली येते. हा फरकच बघणाऱ्याला जिवंतपणा वाटतो, आणि तो साधायला कॅमइतकं सोपं साधन दुसरं नाही.

रचना अशी. खाली उघड्या बाजूंचा एक खोका, आतलं यंत्र दिसेल असा. त्यात आडवा आस, आसावर कॅम. कॅमवर एक उभी दांडी टेकलेली, ती खोक्याच्या छतातून वर येते. छतावर कोंबडीचं अंग पक्कं बसवलेलं, आणि मान-डोकं मिळून एक वेगळा तुकडा, अंगाला एका पिनेवर अडकवलेला. दांडी या तुकड्याला पिनेच्या पुढच्या बाजूला, म्हणजे डोक्याकडे, खालून ढकलते. पिनेपासून दांडीचा टेकण्याचा बिंदू १५ मिमीवर आणि चोच ६० मिमीवर ठेवली, तर दांडी ८ मिमी उचलली की मान साधारण ३० अंशांनी फिरते आणि चोच ३० मिमीच्या आसपास वर जाते. तरफेने इथे अंतर वाढवलं, बदल्यात बळ घेतलं. ते बळ कुठून आलं हे पुढे सतावतं, त्याबद्दल खाली सांगतो.

आता कॅम. १४ आणि २२ मिमी त्रिज्येची दोन वर्तुळं एकाच केंद्रावर काढा. आतलं वर्तुळ म्हणजे मान खाली, बाहेरचं म्हणजे मान वर. आता ३६० अंश वाटून द्यायचे. एकसारखे वाटलेत तर कोंबडी शिवणयंत्रासारखी टकटक करत राहील आणि दोन मिनिटांत कंटाळा येईल. मी असे वाटतो: ७० अंशांत चढ, २५ अंशांत उतार, पुन्हा ७० चढ, २५ उतार, मग ७० चढ, ७५ अंश वरच थांबणं, आणि शेवटी २५ उतार. बेरीज ३६०. कोंबडी दोनदा टिपते, मग मान वर धरून थांबते, इकडेतिकडे बघितल्यासारखी, आणि मग पुन्हा टिपते. हा थांबा काढून टाकू नका. मुलं त्या थांब्याचीच वाट बघतात आणि हँडल तिथे आपोआप हळू फिरवतात. फिरत्या आसावरच्या उंचवट्यांनी तरफ हलवून ठेका साधायची ही युक्ती फार जुनी आहे. मध्ययुगीन अभियंते अल्-जझरी यांनी १२०६ सालच्या आपल्या ग्रंथात नावेतल्या वादक बाहुल्यांचं वर्णन केलं आहे, त्यांचे हातही फिरत्या आसावरच्या खुंट्यांनीच हलतात.

दर ५ अंशांवर केंद्रातून रेघा काढा, त्यांवर त्रिज्या मोजून बिंदू मांडा आणि वळणदार रेषेने जोडा. चढाची सुरुवात आणि शेवट थोडा गोलसर ठेवा, नाहीतर दांडी प्रत्येक कोपऱ्यावर दचकते. कॅमची बाजू दांडीला जितकी तिरकी ढकलेल तितकी दांडी खाचेच्या भिंतीवर दाबली जाते. चढ ३० अंशांहून तिरका नको, असा साधारण नियम धरतात. वरच्या मापांत तो सगळ्यात जास्त २५ अंशांच्या आसपास येतो, म्हणून ७० चा आकडा. चढ ४० अंशांत उरकलात तर हँडल जड होईल.

उतार मी सरळ उभा न ठेवता २५ अंशांत का पसरवला, हाही प्रश्न येईल. उभी भिंत ठेवली तर डोकं अधिक झटक्यात पडतं, हे खरं. पण मूल हँडल उलटं फिरवणारच. पहिल्या पाच मिनिटांत फिरवणार. तेव्हा ती उभी भिंत दांडीच्या बाजूवर आदळते आणि काहीतरी मोडतं. माझी अशी दोन खेळणी दांडीपाशीच मोडली आहेत. २५ अंशांत पसरवलेला उतार ४५ अंशांच्या आसपास तिरका होतो, आणि तेवढ्या उतारावर दांडी उलट्या दिशेनेही कुरकुरत का होईना, पण चढते. डोळ्याला फरक कळत नाही. ८ मिमी पडायला दांडीला सेकंदाचा अगदी थोडा भाग लागतो, तेवढा वेळ २५ अंशांत सहज मिळतो.

दांडीचं कॅमवर टेकणारं टोक अरुंद आणि गोल हवं. दांडी ८ मिमी रुंद असेल तर टोक ४ मिमी त्रिज्येचं. साध्या गोल, केंद्र सरकवलेल्या कॅमवर रुंद सपाट पाऊल छान चालतं. पण आपल्या कॅमवर ते शिखरावरच टेकून राहील, शिखर बाजूला सरकेपर्यंत खाली उतरणार नाही, आणि टिपण्याचा झटका निघून जाईल. उताराच्या पायथ्याशी जी खोबण होते तिची त्रिज्याही ४ मिमीहून मोठी ठेवा, म्हणजे टोक तळापर्यंत पोचेल. दांडी गोल नको, प्लायवुडची चपटी पट्टीच हवी. गोल दांडी कॅमच्या घर्षणाने स्वतःभोवती फिरायला लागते, चपटी खाचेत फिरू शकत नाही. कॅम दोन थरांचा जाड करा आणि दांडी एका थराची, त्याच्या बरोबर मध्यावर. म्हणजे दोन्हीकडे दीड मिलिमीटर चुकलं तरी ती कॅमवरून घसरत नाही.

दांडीला आधार एकच खाच देऊ नका. एका ३ मिमी जाडीच्या खाचेत ती तिरकी होते आणि अडकते. कपाटाचा रुंद खण एका बाजूने ओढल्यावर अडकतो, तसंच हे. दोन खाचा द्या, एक छतात आणि एक त्याखाली २८ मिमीवर मधल्या फळीत. खालच्या खाचेपासून दांडीचं टोक जितकं लांब लोंबेल, त्याच्या निदान दुप्पट अंतर या दोन खाचांमध्ये असावं. आस तळापासून २८ मिमी वर, मधली फळी ५४ वर, छत ८२ वर, अशी मापं घेतली की टोक जास्तीत जास्त १२ मिमी लोंबतं आणि सगळं जुळून येतं. अडकणाऱ्या खेळण्यात लोक बहुतेक वेळा खाच मोठी करत जातात. त्याने दांडी आणखी तिरकी होते. खाच नाही, दोन खाचांमधलं अंतर वाढवा.

आता ‘घ’ आणि ‘सै’. लेझर रेघेवरून जातो तेव्हा थोडं लाकूड जाळून टाकतो. त्या कापाच्या रुंदीला कर्फ म्हणतात. ३ मिमी प्लायवुडमध्ये तो साधारण ०.१ ते ०.२५ मिमी भरतो. रेघेच्या दोन्ही बाजूंनी निम्मा-निम्मा जातो, म्हणून तुकडा काढलेल्या मापाहून लहान निघतो आणि भोक मोठं. तुमच्या यंत्राचा कर्फ मोजायची सोपी रीत: १०० मिमी लांब आणि १० मिमी रुंद पट्टी काढा, तिचे एकमेकांना लागून दहा चौकोन करा, सामाईक रेघ एकदाच कापा. तुकडे निघाल्यावर त्याच खिडकीत परत ठेवून सगळे एका टोकाला सरकवा आणि दुसऱ्या टोकाला उरलेली फट मोजा. पट्टी आडवी अकरा ठिकाणी कापली गेली आहे, म्हणून फटीला ११ ने भागा. फट १.६५ मिमी असेल तर कर्फ ०.१५. भिंगाखाली एकच काप मोजण्यापेक्षा हे फार भरवशाचं आहे.

आणि प्लायवुडच्या पत्र्याची जाडी मोजा, कॅलिपरने, चार-पाच ठिकाणी. ३ मिमी म्हणून मिळणारं प्लायवुड २.७ पासून ३.२ पर्यंत काहीही असू शकतं, कधी एकाच पत्र्याच्या दोन टोकांना वेगळं. लाकडाची गोल काठी विकत आणली तर तीही मोजा. ती क्वचितच नेमकी गोल असते. तुमची ६ मिमीची काठी एका दिशेने ६.१ आणि दुसऱ्या दिशेने ५.९ भरली तर मला नवल वाटणार नाही. अर्ध्या फेरीला हँडल जड होणं हे त्याचंच लक्षण.

म्हणून मी आस प्लायवुडचाच करतो, ६ मिमी रुंद दोन पट्ट्या एकमेकींवर चिकटवून चौकोनी. चौकोनी आसावर कॅम घसरण्याचा प्रश्नच मिटतो. मात्र हा चौकोन नेमका चौरस नसतो. पत्रा २.९ मिमी असेल तर आस एका दिशेने ६ आणि दुसऱ्या दिशेने ५.८ असतो. कॅमचं भोकही तसंच आयताकृती काढायचं, आणि कर्फ वळता करायचा: ६ मिमी हवे असतील तर पट्टी ६.१५ काढा, भोकाच्या दोन्ही बाजूंतून ०.१५ वजा करा. ही ‘घ’ जात.

चौकोनी आस भिंतीत फिरणार कसा? त्यावर १४ मिमी व्यासाची गोल चकती बसवा, मध्ये चौकोनी भोक असलेली. ही चकती भिंतीतल्या गोल भोकात फिरते. आणि इथे कर्फ तुमच्या बाजूने काम करतो. चकतीही १४ काढा, भोकही १४ काढा, काहीच वळतं करू नका. चकती १३.८५ निघते, भोक १४.१५, आणि हवी तेवढी ०.३ मिमी मोकळीक आपसूक मिळते. हलणाऱ्या सांध्यांना कर्फ वळता करायचा नाही, धरणाऱ्यांनाच करायचा. काही सॉफ्टवेअरमध्ये एक बटण दाबलं की सगळ्या रेषांचा कर्फ एकदम वळता होतो. ते बटण अशा खेळण्यासाठी वापरू नका, किंवा दोन जाती दोन वेगळ्या रंगांत काढून एकालाच लावा. चकती भिंतीतून निसटू नये म्हणून आतून आणि बाहेरून २० मिमीच्या चकत्या आसावर घट्ट बसवा.

भिंती आणि तळ जोडणाऱ्या खाचांसाठी एक चाचणीपट्टी कापा. २.६० पासून ३.०० पर्यंत ०.०५ च्या पायऱ्यांनी खाचा काढा, कंगव्यासारख्या, आणि त्याच पत्र्याचा तुकडा एकेकीत दाबून बघा. हाताने जोर लावून आत जाते आणि उलटं धरून हलवल्यावर पडत नाही, ती तुमची खाच. २.९ च्या पत्र्याला बहुधा २.७० किंवा २.७५ काढलेली खाच बसेल. पत्रा बदलला की ही पट्टी पुन्हा कापायची. दहा मिनिटं जातात, पण पूर्ण पत्रा वाचतो.

प्लायवुडच्या फुगण्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. थर एकमेकांना आडवे असल्यामुळे पत्रा लांबी-रुंदीत फारसा बदलत नाही, पण दमट हवेत जाडीत फुगतो. म्हणून चकती आणि भोक वर्षभर सारखी फिरतात, पण दांडी जाडीच्या दिशेने खाचेत अडकू लागते. दांडीच्या खाचेला रुंदीत ०.३ मिमी मोकळीक ठेवली तर जाडीत ०.४ ते ०.५ ठेवा, कापल्यानंतर मोजून. कोरड्या दिवसांत बनवून दमट दिवसांत बंद पडलेली खेळणी माझ्याकडे दुरुस्तीला येतात, त्यांतल्या बहुतेकांचा दोष हाच असतो.

कापण्याबद्दल थोडक्यात. फाइल यंत्रावर नेल्यावर आधी १०० मिमीचा एक चौकोन कापून मोजा. इंकस्केप या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरच्या ०.९२ आवृत्तीपासून एका इंचाचे ९० ऐवजी ९६ भाग धरले जातात, त्यामुळे जुनी फाइल नव्या सॉफ्टवेअरमध्ये आक्रसलेली उघडू शकते आणि ते नजरेला कळत नाही. कोरीवकाम आधी, मग आतली भोकं, बाहेरची रेघ सर्वांत शेवटी. बाहेरची आधी कापली तर तुकडा हलतो आणि भोक सरकतं. दांडी आणि मान यांच्या लांबीच्या दिशेने वरच्या थराचे रेषे येतील असे तुकडे मांडा. वर कागदी चिकटपट्टी लावली तर धुराचे डाग पडत नाहीत. बाहेरच्या वापरासाठीचं, पाण्याला टिकणाऱ्या गोंदाचं प्लायवुड टाळा, त्याचा गोंद लेझरला दाद देत नाही आणि कडा कोळसा होतात. पीव्हीसी मात्र कधीही लेझरखाली ठेवू नका. त्यातून क्लोरीनयुक्त विषारी, आम्लधर्मी वायू निघतो, फुप्फुसांनाही घातक आणि यंत्रालाही.

यंत्र चालू असताना जागा सोडायची नाही. लाकूड आहे, पेट घेऊ शकतं. डोळ्यांबद्दलही सांगतो, कारण यात गल्लत होते. कुमार पटेल यांनी १९६४ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये तयार केलेल्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटरचा, अदृश्य अवरक्त असतो. लाकूड तो जवळजवळ पूर्ण शोषून घेतं, आणि पारदर्शक ॲक्रिलिकही, म्हणून त्या यंत्रांना ॲक्रिलिकचं झाकण पुरतं. घरगुती डायोड लेझरचा निळा किरण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा असतो, तो त्याच ॲक्रिलिकमधून आरपार येतो. त्याला त्या तरंगलांबीसाठीचाच चष्मा किंवा रंगीत संरक्षक झाकण हवं.

जोडणी पूर्ण कोरडी करा, गोंद न लावता. जिथे लाकडावर लाकूड घासतं तिथला काळा कोळसा ३२० च्या पॉलिश पेपरने काढा आणि मेणबत्ती घासा. तेल लावू नका, लाकूड ते पिऊन टाकतं. मान अंगाच्या दोन फळ्यांच्या मध्ये असते आणि तीही दोन थरांची, त्या फळ्यांमध्ये अंतर राखणारा आधाराचा तुकडाही दोन थरांचाच. म्हणजे जाडी अगदी सारखी आणि मान चिमटीत पकडल्यासारखी घट्ट. आधाराच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना जाड कागदाचा एकेक तुकडा चिकटवला की ती मोकळी होते. पिनेचं भोक अंगात ‘घ’, मानेत ‘सै’.

आता त्या बळाकडे येतो. माझ्या पहिल्या कोंबडीचं डोकं वर जायचं आणि तिथेच राहायचं. दांडी मोकळी होती, पिन मोकळी होती, तरी डोकं अर्ध्यावर लटकायचं. प्लायवुडचं डोकं जेमतेम चार ग्रॅमचं. त्या वजनाने मान, दांडी आणि दोन खाचांचं घर्षण, सगळं खाली ओढायचं होतं. मी डोकं दोन थरांचं केलं, आणि थरांच्या मध्ये एक लोखंडी वॉशर लपवला. तेव्हापासून चोच खाली आपटते आणि टक असा आवाज येतो. तो आवाज अर्धं खेळणं आहे, म्हणून चोचीखाली दाण्यांची एक पातळ, पोकळ फळी ठेवा. तळाला पूर्ण चिकटवलेली नको, फक्त कडांना टेकलेली.

गिअर हवेच असतील तर पुढच्या खेळण्यात घ्या. लाकडात मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) ३ च्या खाली जाऊ नका, १७ पेक्षा कमी दात ठेवू नका (दाबकोन, म्हणजे दात एकमेकांना ज्या तिरक्या कोनातून ढकलतात तो, नेहमीसारखा २० अंश असेल तर त्याखाली दाताचं मूळ कोरलं जातं), आणि दातांचा कर्फ वळता करू नका. तीच त्यांची मोकळीक.

खेळणं कुणाच्या हातात जाणार हेही बघा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सुटू शकणारा कोणताही तुकडा ३१.७ मिमी व्यासाच्या चाचणीनळीत पूर्ण मावता कामा नये, असा खेळण्यांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. आपली २० मिमीची चकती त्यात सहज मावते, म्हणून ही कोंबडी मोठ्या मुलांचीच. हलणाऱ्या भागांमधल्या फटी ५ मिमीहून कमी किंवा १२ मिमीहून जास्त ठेवा, म्हणजे बोट आत जाऊन चिमटत नाही. मान आणि अंग यांच्यामधली फट मान वर असताना आणि खाली असताना, दोन्ही वेळा मोजा.

गोंद शेवटी, तोही थोडा. कडेचा कोळसा खरवडल्याशिवाय तो धरत नाही. आधी खोका चिकटवा, तो वाळल्यावर हँडल फिरवून ऐका. कुरकुर एकाच जागी येत असेल तर कॅमची ती कड घासा. सगळीकडे येत असेल तर खाचा बघा. मग कॅम चिकटवा, फिरवायच्या दिशेचा बाण तुमच्याकडे ठेवून. तो बाण कापतानाच कोरून घ्या, कारण कॅम उलटा बसला की कोंबडी झटकन मान वर करते आणि हळूहळू खाली आणते, आणि अर्धा तास कळत नाही काय बिनसलं आहे. हँडल मात्र चिकटवू नका. आसाच्या टोकाला आडवं भोक ठेवून त्यात लाकडी काडीची खुंटी मारा. सगळ्यात आधी हँडलच मोडतं, तेव्हा खुंटी काढून नवीन बसवता येतं.